चिमणीच्या दातांनी तोडलेले गाणे

त्या राज्यात कोणतेही अंडे गाणे ऐकल्याशिवाय फुटत नसे. झाडावरच्या अंड्यांसाठी झाडावरची उठवणी होती, भुईवरच्या अंड्यांसाठी भुईवरची. आईने अंड्याला ऊब द्यायची, तिचे काम तेवढेच. आत पुरते वाढलेले पिल्लू उठवणीचा शेवटचा सूर कानी पडल्यावरच कवच टोचू लागे. तिसाव्या दिवसापर्यंत हे घडले नाही, तर पिल्लू आतच निजून राही आणि पुढे त्याला कोणीही उठवू शकत नसे.

ही गोष्ट राज्यातल्या सगळ्या पक्ष्यांना ठाऊक होती, फक्त टिटव्यांना ठाऊक नव्हती. टिटव्या उघड्या माळावर, खड्यांमध्ये अंडी घालतात. त्यांना स्वतःला एक हाक सोडली तर दुसरा सूर येत नाही. तरीही त्यांची अंडी वर्षानुवर्षे वेळेवर फुटत आली होती. त्यामुळे टिटव्यांचा असा समज होता की आपली अंडी आपोआप फुटतात, आणि या गोष्टीचा त्यांना थोडा तोराही होता.

दोन्ही उठवण्या एका दयाळ पक्ष्याने रचलेल्या होत्या. माळाच्या मधोमध एक बाभूळ होती. तिच्यावर बसून तो सगळ्यांसाठी गात असे. म्हातारपणी त्याचा पंख निकामी झाला, तेव्हा मोरांनी त्याला आपल्या बागेत नेले आणि अखेरपर्यंत सांभाळले. मोरांवर उगाच तोंडसुख घेण्यात अर्थ नाही. भिजवलेला दाणा त्यांनी स्वतःच्या चोचीने त्याला भरवला, हे पाहणारे पुष्कळ होते. दयाळाने जाताना आपली गाणी मोरांच्या हवाली केली. मोरांचा स्वतःचा आवाज कसा असतो ते सर्वांना माहीत आहे, त्याबद्दल अधिक बोलायला नको. पण गाण्यावर त्यांचा जीव होता. असे गाणे कुणीही कुठेही म्हणत सुटले तर त्याची रया जाईल, असे त्यांना मनापासून वाटले. म्हणून थोरल्या मोराने कायदा केला: 'परवानगीवाचून उठवणी म्हणताना ज्याची चोच हललेली दिसेल, तो दोषी.'

कायदा चांगला होता. फक्त त्यातला 'दिसेल' हा शब्द फार कामसू निघाला.

राज्यात त्या काळी बागेबाहेर गाणे मिळवण्याच्या तीन वाटा होत्या. पहिली पोपटांच्या ढोलीची. जुन्या वडाच्या ढोलीत पोपट अख्खी गाणी पाठ करून ठेवत. ज्याला हवे त्याने ढोलीत जावे, ऐकावे, पाठ करून घरी न्यावे. दुसरी वाट वटवाघळांच्या गुहेची. तिथे राज्यातले झाडून सगळे गाणे जमा होते, पण ओळखीशिवाय आत कोणाला घेत नसत, आणि ते इतक्या बारीक आवाजात गात की बाहेर उभ्या असलेल्याला गुहा रिकामीच वाटे.

तिसरी वाट चिमण्यांची. चिमण्यांचे डोके लहान, एकीच्या डोक्यात सबंध गाणे मावत नाही. म्हणून त्यांनी दाण्याची रीत गाण्याला लावली. एकच दाणा असला आणि खाणाऱ्या चौघी असल्या, तर तो पंखाआड धरून चिमणीच्या दातांनी तोडतात. असा तोडलेला दाणा उष्टा होत नाही, असे त्या मानतात. तसेच दयाळाचे गाणे त्यांनी तुकडे करून वाटून घेतले होते. रोज पहाटे बाभळीवर एक चिमणी आपला तुकडा म्हणे, शेजारची तो घेई आणि आपला तिला देई. घेतलेला तुकडा पुढे दिल्याशिवाय दाणा टिपायचा नाही, हा त्यांचा नेम होता. आणि प्रत्येक तुकड्याआधी 'दयाळाचं देणं' एवढे दोन शब्द म्हणायचेच. रचणाऱ्याचे नाव घेतल्याशिवाय चोच उघडणे त्यांना बरे वाटत नसे.

मोरांनी पहारा टिटव्यांना दिला, कारण हलणारे काहीही दिसले की ओरडायचे हा त्यांचा स्वभावच. पण टिटवी झाडावर बसत नाही. ढोलीत काय चालते ते तिला दिसत नाही. वटवाघळांचा आवाज तिला ऐकू येत नाही, आणि वटवाघळांना चोच नसल्यामुळे कायद्याच्या शब्दांत ती बसतही नव्हती. टिटवीला दिसे तो माळ, आणि माळावर उघड्यावर चोची हलवणाऱ्या चिमण्या.

बाभळीजवळचा पहारा मुरमी नावाच्या तरुण टिटवीकडे होता. तिची विणीची ही पहिलीच वेळ. खड्यांच्या खळग्यात तिने चार अंडी घातली होती आणि अंड्यांवर बसल्या बसल्या ती पहाराही करी. कामात ती चोख होती. बाराव्या दिवशी तिने थोरल्या मोरापुढे भुरी नावाच्या म्हाताऱ्या चिमणीला उभे केले.

"महाराज, ही रोज पहाटे अगदी खालच्या फांदीवर येते आणि उठवणीचा शेवटचा तुकडा म्हणते," मुरमीने सांगितले. "माझ्या अंड्यांपासून सात पावलांवर. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"गाणं तोडलं कशानं?"

"चिमणीच्या दातांनी, महाराज."

मोराने हत्यार पाहायला मागितले. भुरीने आज्ञाधारकपणे चोच उघडली. आत दात नव्हते. दरबारात थोडी कुजबुज झाली आणि हत्याराचा मुद्दा सोडून देण्यात आला.

"तुकड्याआधी तुम्ही काय म्हणता?" मोराने विचारले.

"दयाळाचं देणं."

"म्हणजे तुम्ही त्याचं देणं लागता, हे तुम्हाला कबूल आहे."

"देणं म्हणजे त्यानं दिलेलं, महाराज."

"देणं म्हणजे फेडायचं असतं."

"तेही खरंच की," भुरी म्हणाली. तिला मोराचे म्हणणे मनापासून पटले होते. "फेडतो ना रोज. घेतलं की लगेच पुढच्याला देतो."

एवढे बोलल्यावर चौकशीचे काही उरलेच नाही. चोरणारी स्वतः सांगत होती की गाणे परक्याचे आहे हे तिला ठाऊक होते, आणि घेतलेले ती पुढे वाटतही होती. भुरीला राज्याबाहेर घालवले. बाकीच्या चिमण्यांच्या चोची घायपाताच्या दोऱ्याने बांधायचा हुकूम झाला. दाणा टिपता येईल आणि दोन शब्द बोलता येतील इतकी गाठ सैल, पण गाता येणार नाही इतकी घट्ट. गाठी मुरमीनेच मारल्या.

पोपटांबद्दलही तक्रार आली होती, नाही असे नाही. त्यांच्याकडे एका पारव्याबरोबर निरोप धाडला. पोपटांनी अदबीने कळवले की उठवणी आम्ही आज दुपारीच विसरलो. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या ढोलीतल्या पोपटांना आठवली. दरबारी नोंद अशी झाली की हुकमाचे पालन झाले. वटवाघळांचा विषय निघाला नाही.

बाभूळ गप्प झाली. मुरमीला पहिले काही दिवस बरे वाटले. मग अठ्ठाविसावा दिवस आला आणि अंडी फुटली नाहीत. तिने एकेका अंड्याला कान लावला. आत जीव होता. पिल्ले कूस बदलत होती, पण कवचाला चोच लावत नव्हती. शेजारच्या गवतात एक तितरी राहत असे. ती सावधपणे जवळ आली.

"उठवणी ऐकवलीस का गं?"

"आमची आपोआप फुटतात," मुरमी म्हणाली.

"आपोआप काही फुटत नाही, बाई. परवापर्यंत कुणीतरी ऐकवायला हवं, नाहीतर गेली हातची."

अंड्यांवर तितरीला बसवून मुरमी धावत बागेकडे गेली. दारावर मोरांनी गाण्यासाठी नेमलेली साळुंकी होती. तिने मुरमीला ओळखले आणि मोठ्या आदराने उभी राहिली.

"भुईवरची उठवणी ना? आहे की. तुमच्यामुळेच तर ती जपून राहिली, मुरमीबाई. महाराज रोज तुमचं नाव काढतात. अंडी घेऊन या, लगेच म्हणते."

"अंडी माळावर आहेत. ती हलवता येत नाहीत. तू चल ना माझ्याबरोबर."

"गाणं बागेबाहेर न्यायचं नाही, असा नियम आहे."

"मग अंडी बागेबाहेर असली तर?"

साळुंकी विचारात पडली. ती वाईट नव्हती. तिने खरोखरच सगळा नियम मनातल्या मनात म्हणून पाहिला. "तसं काही दिलेलं नाही त्यात," ती शेवटी म्हणाली. मोरांच्या लांडोरी बागेत भुईवरच अंडी घालतात. त्यांच्या अंड्यांना गाणे बसल्या जागी मिळे, म्हणून बाहेरच्या अंड्यांचा विचार कोणाच्या मनात आला नव्हता.

तिथून मुरमी वडाखाली गेली आणि खालूनच तिने पोपटांना हाक मारली. एक पोपट ढोलीतून डोकावला.

"भुईवरची? ती आम्ही ठेवत नाही आता. पंधरा दिवस कुणी मागितलं नाही की आम्ही गाणं झाडून टाकतो. झाडावरची ऐकतेस? नवी चाल आहे."

"भुईवरचीच हवी होती."

"आणि असती तरी तू पाठ कशी करणार होतीस?" पोपटाने विचारले. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, पण मुरमीला ते लागले. तिला एकच हाक येत होती आणि ती हाक ऐकून आजवर फक्त गाणी थांबली होती.

तिन्हीसांजेला ती गुहेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. आत गाणे भरलेले होते, हे तिला माहीत होते. तिला काहीही ऐकू आले नाही. कोणी आत बोलावलेही नाही. वटवाघळांचे थवे तिच्या डोक्यावरून निघून गेले आणि ती माळावर परतली.

एकोणतिसाव्या दिवशी भर दुपारी मुरमी बाभळीखाली गेली. चिमण्या दाटीवाटीने बसल्या होत्या. तिला पाहून त्यांनी माना आत घेतल्या. पुन्हा गाठ आवळायला आली असेल, असे त्यांना वाटले असणार. मुरमीने तोंड उघडले आणि ती रडायलाच लागली.

ठिपकी नावाची चिमणी खालच्या फांदीवर उतरली. बांधलेल्या चोचीतून तिचे शब्द जाडसर येत होते.

"आज एकोणतिसावा ना, बाई?"

"तुला कसं ठाऊक?"

"आम्ही सगळ्याच मोजतोय. रोज वाटत होतं, तू येशील."

"मला माहीत नव्हतं गं, अंड्यांना गाणं लागतं ते."

"तुझ्या आईलाही नव्हतं. आम्ही म्हणायचो, तिची अंडी फुटायची. तुला काय वाटलं, भुरी एवढी म्हातारी, गुडघे धरलेले, ती रोज खालच्या फांदीवर कशाला उतरायची? वरून शेवटचा सूर तुझ्या अंड्यांपर्यंत नीट पोचत नाही, म्हणायची."

आपण सात पावले मोजली होती ती कशासाठी, आणि भुरीने तीच सात पावले मोजली होती ती कशासाठी, हे मुरमीला त्या उन्हात उभे राहून कळले. तिला शरम वाटली. शरमेच्या खालून दुसरेही काहीतरी दाटून आले. आपण स्वतः जन्माला आलो ते कोणाच्या तरी रोजच्या येण्याने, आणि त्यांनी कधी तसे बोलूनही दाखवले नाही.

"सांगितलं का नाहीत कधी?"

"त्यात सांगायचं काय?" ठिपकी म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता.

"माझ्यावर राग असेल तुमचा."

"तुझ्यावर आहे थोडा. आता खोटं कशाला बोलू? पण अंड्यांनी आमचं काय घोडं मारलंय? तू गाठी सोड, उद्या पहाटे येतो."

मुरमीने तिथल्या तिथे, सगळ्या माळाच्या देखत, एकेक गाठ सोडली. दोरा चिवट होता आणि गाठी तिच्याच हातच्या, म्हणजे पक्क्या. संध्याकाळ होईपर्यंत हे काम चालले. माळावर इतर टिटव्या होत्या. त्यांनी पाहिले. त्यांच्यापैकी दोघींची अंडी सव्विसाव्या दिवसाला टेकली होती, आणि तितरीने त्यांनाही गाठून सांगितले होते. कोणी ओरडले नाही.

तिसाव्या दिवसाची पहाट झाली. चिमण्या पहिल्यांदाच बाभळीवरून खाली आल्या आणि अंड्यांभोवती खड्यांवर बसल्या. अठरा दिवस न गायल्यामुळे आवाज बसले होते. पहिल्या चिमणीने 'दयाळाचं देणं' म्हटले आणि आपला तुकडा उचलला. दुसरीने तो घेतला, आपला जोडला. कोणी अडखळे, शेजारची सावरून घेई. गाणे वर्तुळात फिरू लागले. मुरमी जरा बाजूला उभी होती. आयुष्यात प्रथमच ती हे गाणे पकडण्यासाठी ऐकत नव्हती. ते किती सुंदर आहे हे तिला माहीतच नव्हते. दयाळ नावाच्या कोणा पक्ष्याला तिने कधी पाहिले नव्हते, पण या क्षणी तो समोर असता तर तिने त्याचे पाय धरले असते.

अंडी हलू लागली. गाणे शेवटाकडे आले. ठिपकीने आपला तुकडा संपवला आणि पुढे पाहिले. पुढे कोणी नव्हते.

शेवटचा तुकडा भुरीकडे होता. तो एकटीकडेच उरला होता, कारण विणीच्या दिवसांत ती तो खालच्या फांदीवरून अंड्यांनाच देई, आणि अंडी फुटायच्या आधीच तिला धरून नेले. चिमण्यांनी एकमेकींकडे पाहिले. कोणी आठवणीतून एखादा सूर लावून पाहिला, तो बसला नाही. त्यांनी मागच्या तुकड्यापासून पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा त्याच जागी येऊन थांबल्या. सूर्य वर येऊ लागला होता. अंड्यांमधली हालचाल मंदावली. मुरमीने पंख पसरून चारही अंड्यांवर सावली धरली आणि मान खाली घातली. ठिपकी तिसऱ्यांदा गायली, आणि या वेळी तुकडा संपल्यावर कोणीच काही बोलले नाही.

त्या शांततेत तिसऱ्या अंड्यातून आवाज आला.

आवाज ओला आणि अडखळता होता. पहिल्यांदा वाटले, कुठेतरी खडा घसरला. मग पुन्हा आला, आणि त्यात सूर होता. आतल्या पिल्लाने पहिले बारा दिवस रोज पहाटे सात पावलांवरून एकच तुकडा सर्वांत जवळून ऐकला होता. तो कशाचा शेवट आहे, हे त्याला इतके दिवस माहीत नव्हते. आता त्याच्या आधीचे सगळे तुकडे कानावर पडल्यावर त्याने आपल्याकडचा तुकडा पुढे केला. आधी दयाळाचे नाव घेतले, मग भुरीच्याच थकलेल्या ढंगात, शेवटून दुसऱ्या सुरावर जरासे रेंगाळत, उठवणी पुरी केली.

चारही अंड्यांवर आतून टकटक सुरू झाली. तिसरे अंडे आधी तडकले. मळकट पिसांचे एक पिल्लू मान वर काढून बसले आणि थांबायचे कुठे हे न कळल्यामुळे तोच तुकडा पुन्हा म्हणू लागले. ठिपकी पुढे झाली, त्याच्या चोचीशी कान नेऊन तिने तुकडा घेतला आणि मागचीला दिला. मागची पुढे सरकली. बघता बघता पिल्लासमोर चिमण्यांची रांग लागली. जिला एकही सूर येत नाही ती मुरमी रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभी राहिली आणि मान लववून आपली पाळी यायची वाट पाहू लागली.